रोमचा बादशहा, हजेरी क्रमांक सतरा

आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी नुकतीच एक स्मरणिका काढली आहे. कागद गुळगुळीत आहे, छपाई रंगीत आहे आणि मजकूर चुकीचा आहे. इतिहास शिकवणाऱ्या आमच्या सरांवर तीत तीन लेख आहेत. पहिल्यात म्हटले आहे की सर पांढरी चादर गुंडाळून चित्रपटगृहात उभे राहत. दुसऱ्यात म्हटले आहे की पडद्यावर रोम पडू लागले की ते ढसाढसा रडत. तिसऱ्यात म्हटले आहे की नामांतराच्या दिवसांतल्या त्या गाजलेल्या खेळात जे घडले तो निव्वळ योगायोग होता. सरांना भोवतालचे काही कळत नसे आणि मोतीबिंदूमुळे त्यांची मोजणी चुकली.

पहिल्या दोन चुका मी लेखकांच्या वयाकडे पाहून सोडून देतो. तिसरी मात्र चूक नव्हे, अन्याय आहे, आणि हातात लेखणी धरता येते तोवर मी तो छापील स्वरूपात राहू देणार नाही. मी त्याच महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होतो. त्या खेळाच्या वेळी सरांच्या शेजारी टॉर्च धरून मी उभा होतो. तिसऱ्या लेखाचे लेखक कोठे बसले होते, तेही मला नीट आठवते. ते ओघाने येईलच.

आधी चादरीचे मिटवून टाकतो. ती चादर नव्हती. ती हिमरूची शाल होती, बदामी रंगाची, काठाला द्राक्षाची वेल असलेली, आणि सर ती घेत कारण खेळ डिसेंबरात सकाळी असे व चित्रपटगृहाच्या पत्र्याखाली थंडी वाजे. रोमन दिसण्याची त्यांची इच्छा नव्हती, असे मी म्हणणार नाही. पण शाल थंडीची होती.

सर निजामाच्या अमदानीत हैदराबादेस शिकले. तेव्हा वरचे सारे शिक्षण उर्दूतून होई, त्यामुळे रोमचा इतिहासही त्यांच्या डोक्यात उर्दूतून शिरला आणि तसाच राहिला. सीझर त्यांच्या लेखी कायम ‘कैसर’ होता. रोमचे सरदार वर्गात एकमेकांशी भांडत ते दखनीत. ‘मियाँ, नदी उतरके आए तो वापस नहीं जाते,’ असे एखादा सेनापती आपल्या घोडदळाला सांगे, आणि सिल्लोड, पैठण, कन्नडकडून आलेली, इंग्रजी पुस्तकाला हातही न लावणारी मुले तो प्रसंग परीक्षेत अक्षरशः तसाच लिहून येत. तपासनीस वैतागत. सर म्हणत, “त्यांना रोम समजलं आहे. तपासनिसाला भाषा समजली नाही.”

रोमच्या उदयावरची आणि ऱ्हासावरची पुस्तके त्यांच्याकडे दोन वेगळ्या कपाटांत असत. उदयाची कोणीही मागून न्यावीत. ऱ्हासाचे कपाट कुलूपबंद. मी एकदा त्यातला एक खंड मागितला तेव्हा ते म्हणाले, “अर्थशास्त्र, तुम्ही अजून चढती वाचलेली नाहीत. उतरती एकदम मागू नका, पचणार नाही.” सहकाऱ्यांना ते विषयाच्या नावाने हाक मारत. प्राणिशास्त्रवाल्या बाईंना ते फार लागे.

रोम का पडले, याचे त्यांचे उत्तर दर आठवड्याला बदले. नळाला चार दिवस पाणी आले नाही की रोम पाण्यावाचून पडले. चिकलठाण्याकडच्या कारखान्यांचे भोंगे सुरू झाले, तेव्हा रोमच्या नाशाचे कारण पहाटे उठण्याची सक्ती हे ठरले. पुढे शहरात स्कूटरी झाल्या, तेव्हा ते म्हणाले, “रस्ते चांगले केले, तिथं चुकलं. पाहुण्यांना यायला सोपं झालं.” प्राध्यापकांची एक बैठक संध्याकाळपर्यंत लांबली. सर मध्येच उठले, “आता समजलं,” एवढेच बोलले आणि घरी गेले.

“मागच्या आठवड्यात तुम्ही पाणी म्हणाला होता,” मी दुसऱ्या दिवशी हटकले.

“एवढं मोठं साम्राज्य एका कारणानं पडत नसतं. आठवड्याला एक धरलं तरी माझी नोकरी पुरायची नाही.”

घरी ते दिवाणावर डाव्या कुशीवर आडवे होऊन जेवत, कारण रोमचे खानदानी लोक तसे जेवत. ज्वारीची भाकरी आणि पिठले यांसाठी ही पद्धत घडलेली नाही. वहिनी उशीवरचे डाग धूत धूत मला म्हणाल्या, “पडलं ते बरं झालं भाऊजी. उभं असतं तर हे मला तिथंच राहायला घेऊन गेले असते.”

रोम सात टेकड्यांवर वसले, म्हणून आपल्या शहराभोवतीही सात टेकड्या असल्याच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. पाच सापडल्या. हर्सूलच्या तुरुंगाजवळचा एक उंचवटा त्यांनी बळेच सहावी टेकडी ठरवला. विद्यापीठामागचा डोंगर ही सातवी. तिच्याबद्दल वाद नव्हता. जमिनीखालून पाणी आणणारी आपली जुनी नहर दाखवायला ते पाहुण्यांना भर उन्हात हिंडवत आणि रोमच्या पाटांशी तिची तुलना करून निकाल आपल्या शहराच्या बाजूने देत. वेरूळला सहल गेली की कैलास लेण्याकडे पाठ करून मुलांना रोम सांगत. पण तिथलेच त्यांचे एक वाक्य मी विसरलेलो नाही. “हे लेणं वरून खाली कोरलं, रोम खालून वर रचलं. म्हणून एक उभं आहे आणि एक पडलं.” यात शास्त्र किती, ते मला विचारू नये.

आता त्या खेळाकडे येतो. दर डिसेंबरात एका रविवारी सकाळी सर गावातल्या एका टॉकीजमध्ये रोमवरचा एक इंग्रजी चित्रपट लावत. दरवर्षी तोच. त्याचे नाव मी देत नाही, कारण तो वाईट होता. वितरकाकडे रोमवरचा तेवढाच पडून होता. इंग्रजी संवाद कोणालाच कळत नसत, म्हणून सर पडद्याच्या कडेला उभे राहून चालू चित्रपटाचे मराठीतून निवेदन करत, आणि चित्रपट जिथे चुके तिथे त्याला सुनावत. “हा खुर्चीत बसून जेवतो आहे. खोटं आहे. लक्ष देऊ नका.” इतिहासाचे विद्यार्थी येत, बाकीचे येत, रात्रपाळी सुटलेले कामगार येत. कामगार झोपायला येत आणि जागेच राहत.

ते जागे राहत याचे कारण हजेरी. सरांचा नियम असा होता की चित्रपटात एकही माणूस बिननावाचा राहता कामा नये. पडद्यावर पहिले तोंड दिसले की ते वर्गातला हजेरी क्रमांक एक. दुसरे दिसले की क्रमांक दोन. “हा भाजी विकणारा, रोल नंबर चार.” चार नंबरच्या मुलाने अंधारात उभे राहून ‘हजर’ म्हणायचे. तो म्हणेपर्यंत माझ्या टॉर्चच्या खुणेवर यंत्र थांबे आणि रोम जागच्या जागी गोठून उभे राही. कोणी भालदार होई, कोणी मासेवाली. मुले वर्षभर एकमेकांना त्याच नावाने हाक मारत. या थांबाथांबीत वेळ जाई आणि बाराच्या सुमारास, पुढच्या हिंदी चित्रपटाची वेळ झाली की, टॉकीजचे मालक दारात येत.

“प्रोफेसर साब, मेरा हीरो बाहर खड़ा है। तुम्हारे बादशाह को घर भेजो।”

त्यामुळे शेवटचे रीळ, ज्यात रोम पडते, ते आमच्यापैकी कोणीही कधीच पाहिले नाही. आता दुसऱ्या लेखाच्या लेखकाने मला सांगावे, सर कोणत्या दृश्याला रडत होते.

चित्रपट तोच असल्यामुळे कोणत्या क्रमांकाला काय मिळणार, हे सर्वांना ठाऊक झाले होते. आरंभी बाजाराचे दृश्य होते आणि त्यात अगदी पुढे एक गाढव उभे होते. दरवर्षी कोणीतरी ओरडे, “सर, गाढवाला बी नंबर द्या की.” आणि दरवर्षी सर म्हणत, “हा विभाग जनावरांची हजेरी घेत नाही.” मग माणसे सुरू होत. पंधरावा माणूस म्हणजे लंगोटी नेसून मोठा पंखा ढाळणारा गुलाम. त्याच्या पाठोपाठ पडदा बाजूला होई आणि सोळावा येई, तो बादशहा. म्हणून जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवर क्रमांक सोळासाठी रेटारेटी होत असे. गुणवत्ता यादीसाठी आमच्याकडे तेवढी कधीच झाली नाही.

ज्या वर्षाविषयी हा वाद आहे, त्या वर्षी सोळा क्रमांक एका मोठ्या जमीनदार घरातल्या मुलाने मिळवला होता. मुलगा हुशार होता, बोलका होता, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याच्या विरोधात महाविद्यालयात जी टोळी उभी राहिली तिचा पुढारी होता. विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरे जळाली. त्या दिवसांवर मला विनोद सुचत नाही. वसतिगृह रिकामे झाले. क्रमांक सतराचा मुलगा आपल्या गावी गेला तो घर शोधायला, आणि परतला तेव्हा त्याच्या अंगात मित्राचा सदरा होता. वर्गात तो मागच्या बाकावर बसू लागला. हजेरीला उत्तर देणे त्याने सोडले होते. सर त्याच्या क्रमांकाशी थांबत, वर पाहत आणि स्वतःच खूण करून पुढे जात.

डिसेंबर आला. प्राचार्यांनी सरांना बोलावले. मी बरोबर होतो.

“यंदा खेळ नको.”

“यंदाच हवा.”

“मग ऐका. आत जरा गडबड झाली तर हा खेळ कायमचा बंद. आणि तुमचा तो रोमचा पेपरही जाईल. मला वरून विचारणा आहे.”

सरांना मूलबाळ नव्हते, बढतीची हाव नव्हती. रोमचा पेपर आणि डिसेंबरातली ती सकाळ, एवढीच त्यांची दौलत होती. ते बरे म्हणाले आणि बाहेर पडले.

खेळाच्या दिवशी टॉकीजबाहेर पोलिसांची जीप उभी होती. आत डावीकडे नामांतराचे विरोधक, उजवीकडे समर्थक, मधल्या रांगा मोकळ्या. सर्वांत पुढे कामगार. क्रमांक सतरा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून. सोळा नंबरवाल्यांनी पिशव्या भरून झेंडूच्या पाकळ्या आणल्या होत्या, आणि कोणाच्या तरी खिशात फटाके होते. बेत मला दारातच कळला. सरांना मी बाजूला घेऊन सांगितले, “बादशहा आला आणि सोळा नंबर उभा राहिला की ते नामांतराविरुद्ध घोषणा देणार आहेत. उजवीकडचे गप्प बसणार नाहीत. आजच्या दिवस हजेरी राहू द्या.”

“हजेरीशिवाय वर्ग होत नाही.” त्यांनी शाल सावरली. मग त्यांनी मला विचारले, “अर्थशास्त्र, ते गाढव काय वयाचं असेल हो?”

मला वाटले, संपले. माणूस हातचा गेला.

दिवे मालवले. बाजार आला. गाढव आले. त्या वर्षी कोणीच ओरडले नाही. ओरडण्यासारखी हवाच नव्हती. सरांनी हात वर केला, मी टॉर्च दाखवला आणि यंत्र थांबले.

“हे गाढव,” सर म्हणाले, “रोल नंबर एक.”

क्षणभर कोणाला काही उमजेना. मग सिल्लोडचा आमचा एक नंबर उठला. “हजर, सर.” आणि जरा विचार करून, “पण सर, एवढ्या वर्षांत आजच का?”

“आज त्याचं तोंड स्पष्ट दिसतं आहे. बसा.”

“व्हय सर. चांगलंय गाढव, लई शांत दिसतंय.”

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या मुलांना मी एकत्र हसताना ऐकले. हसण्याच्या भरात कोणीही पुढचा हिशेब केला नाही. मीही नाही. हाच क्रमांक एक आज पहिल्या लेखाचा लेखक आहे, आणि ‘सरांनी मला गाढवाचा मान दिला’ हे त्याने अभिमानाने लिहिले आहे. तिसऱ्या लेखाचे लेखक तेवढी दोन पाने मागे उलटून पाहते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

खेळ पुढे सरकला. भाजीवाला, भालदार, मासेवाली, सारे हजर झाले. कोण काय झाले यापेक्षा आपला क्रमांक कधी येतो याकडेच जो तो कान लावून बसला होता. महालाचे दृश्य आले. सरांनी खणखणीत आवाजात पुकारले, “रोल नंबर सोळा.”

सोळा नंबर ताडकन उठला, छाती काढून गरजला, “हजर!” त्याच्या मित्रांनी पाकळ्यांच्या पिशव्या त्याच्या डोक्यावर रिकाम्या केल्या, एक फटाका वाजला आणि घोषणेचा पहिला शब्दही कोणाच्या तरी तोंडून निघाला. तो तिथेच राहिला. कारण पडद्यावर लंगोटी नेसलेला गुलाम पंखा घेऊन उभा होता.

पुढच्या रांगेतून एक कामगार म्हणाला, “राव, पंखेवाल्याची एवढी मोठी वरात?”

सगळे थिएटर फुटले. उजवीकडचे हसले, कामगार हसले, आणि मी डोळ्यांनी पाहिले, डावीकडचेही हसले. पाकळ्या टाकणारेच पोट धरून खाली बसले.

“सर, चूक झाली आहे,” सोळा नंबर ओरडला. “सोळा म्हणजे बादशहा.”

“सोळा म्हणजे सोळा. बसा. आणि पंखा जरा जोरात चालवा, कोणीतरी येतं आहे.”

मी टॉर्च दाखवला, यंत्र सुरू झाले. महालातला पडदा बाजूला झाला, बादशहा आला, आणि यंत्र पुन्हा थांबले. हसणे विरले. तोवर बऱ्याच जणांचा हिशेब झाला होता.

“रोमचा बादशहा,” सर म्हणाले. “रोल नंबर सतरा.”

उत्तर आले नाही. वर्गात ते खूण करून पुढे जात. त्या दिवशी गेले नाहीत. शाल सावरून ते उभे राहिले. पडद्यावरचा बादशहा एक पाय उचलून गोठला होता.

“घाई नाही,” सर म्हणाले. “बादशहा हजर झाल्याशिवाय रोम पुढे जात नसतं.”

डावीकडून एक खुर्ची करकरली. मालक दारात आले आणि चौकटीला टेकून उभे राहिले. मघाचाच कामगार मान मागे वळवून हलकेच म्हणाला, “उठा की दादा. लोक खोळंबलेत.”

मग मागे भिंतीपाशी कोणीतरी उभे राहिले.

“हजर, सर.”

“बसा,” सर म्हणाले. “राज्य नीट चालवा. शेवट काय होतो ते मला ठाऊक आहे.”

आपण त्या वेळी मनमुराद हसलो, असे सोळा नंबरने तिसऱ्या लेखात लिहिले आहे. होय, तिसरा लेख त्यांचाच. ते पुढे शिक्षणखात्यात मोठ्या पदावर गेले आणि त्यांचा मी आदर करतो. पण ते हसले नाहीत. केसांतल्या पाकळ्या झटकत ते बाहेर निघून गेले. एकटेच गेले. मित्र थांबले, कारण चित्रपटातला सिंह अजून यायचा होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर टॉकीजमालकांची तक्रार होती: फटाका वाजला, पडदा पेटला असता.

“सर, मी तुम्हाला सांगितलं होतं,” प्राचार्य म्हणाले.

“हो. आणि मी ऐकलं होतं.”

या पाच शब्दांत सारे आहे, असे मी तेव्हापासून म्हणत आलो. पण ऐकणारे दोघेच होतो, आणि प्राचार्य आता नाहीत. खेळ बंद झाला. पुढच्या जूनमध्ये रोमच्या जागी चीनचा इतिहास आला. सर तो निवृत्तीपर्यंत शिकवत राहिले, पण त्यात त्यांचे मन रमले नाही. “त्यांची भिंत अजून उभी आहे,” ते म्हणत. “त्यावर काय बोलायचं?”

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला एकदाचे नाव लागले. त्याला नामांतर म्हणायचे की नामविस्तार, हा वाद मी दुसरीकडे घातला आहे. सर तेव्हा थकले होते. तरी म्हणाले, सातव्या टेकडीपर्यंत न्या. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवले. अंगावर तीच शाल. गर्दीमुळे प्रवेशद्वाराच्या कमानीच्या बऱ्याच अलीकडे उतरावे लागले. निळे झेंडे, लेकरे खांद्यावर घेतलेले बाप, खेड्यांतून आलेल्या बाया. रस्त्याच्या कडेला विटा वाहणारे एक गाढव कोणाचा तरी पडलेला हार चघळत उभे होते.

गर्दीतून एक माणूस आमच्यापाशी आला. कानशिले पांढरी झालेली, अंगात नवा सदरा. जालन्याकडे एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होता.

“जय भीम, सर. ओळखलंत?”

“जय भीम. रोल नंबर सतरा,” सर म्हणाले. “राज्य कसं आहे?”

तो हसला, पण त्याला काही विचारायचे होते आणि ते फार दिवसांपासूनचे होते, हे माझ्याही लक्षात आले.

“सर, सगळे म्हणतात, त्या दिवशी तुमची मोजणी चुकली. मी आजवर कुणाशी वाद घातला नाही. पण मला खरं सांगा. मी उठलो, ते चुकून उठलो का?”

सरांनी त्या गाढवाकडे पाहिले.

“अकरा वर्षं ते माझ्यासमोर उभं होतं आणि मी त्याची हजेरी घेतली नाही. त्या सकाळी घेतली. माझे डोळे तेव्हा उत्तम होते. मोतीबिंदू पुष्कळ नंतरचा, वहिनींना विचारा.” स्वतःच्या बायकोलाही ते वहिनी म्हणू लागले होते, ते वयामुळे. मग त्यांनी त्याच्या हाताचा आधार घेतला. “चला, बादशहा. वर काय लिहिलं आहे, ते जवळून वाचू द्या मला.”

ते दोघे कमानीकडे निघाले आणि मी स्कूटर सांभाळत उभा राहिलो.

स्मरणिकेच्या संपादकांकडे माझे एकच मागणे आहे. सरांचा गौरव नको, फोटो नको, माझे नाव तर नकोच. एक छोटे शुद्धिपत्र छापा आणि ते तिसऱ्या लेखावर घट्ट चिकटवा. त्यात एवढेच असावे: त्या वर्षी गाढव मोजले होते.